धाऊच्या ट्रकचा दसरा

टोकावड्याचा लडकू मिस्त्री पान्हा उचलण्याआधी गाडीवाल्याचीच उलटतपासणी घ्यायचा. २००३ साली वैशाखऱ्याच्या धाऊनं आपला जुना ट्रक त्याच्याकडे आणला. सकाळी तो चालू होता होत नसे, झालाच तर काळाकुट्ट धूर ओकायचा. धुराच्या तपासणीतही नापास झाला होता.

“कधीपासनं?”

“दसऱ्यापासनं. पण पूजेत काय कमी नाय केलं. त्या हवेच्या पाइपालाबी हार घातला.”

लडकूनं तो बिनटोपणाचा पाइप खोलला. आतून मूठभर सुकलेला झेंडू निघाला.

“नाकात बोळा कोंबलास, मग गाडी चालू व्हायची कशी रे?” लडकू खेकसला, आणि दोघंही पोट धरून हसले.

ती फुलं लडकूनं गॅरेजच्या कुडाशी मातीत चुरडली. पुढच्या दसऱ्याला धाऊच्या ट्रकला तिथल्याच झेंडूचा हार होता. बांधला मात्र लडकूनं स्वतः, आरशाला.