आधी वजन, मग नळी

काटेवाल्यांना काटेवाले म्हणत, कारण बाजारातल्या निम्म्या दुकानांचे वजनकाटे त्यांच्या हातून दुरुस्त होऊन गेलेले होते. सोनाराचा नाजूक काटा असो नाहीतर भंगारवाल्याचा अवाढव्य, काटेवाले त्याच्यापुढे मांडी घालून बसत, दांडीखाली बोट धरून तिचा कल बघत आणि मग म्हणत, "हा खोटं बोलतोय." दुकानदार शपथेवर सांगू लागे, की आपण हात लावलेला नाही. तुम्हाला कोण बोललंय, मी काट्याबद्दल बोलतोय, असं म्हणून काटेवाले पेचकस मागत.

दुर्बिणीचा नाद त्यांना चाळिशीत लागला, आणि तोही काट्यांमुळेच. एका शाळेतल्या मास्तरांनी शाळेची दुर्बीण दुरुस्तीला आणली. नळीला काही झालेलं नव्हतं, पण सोडली की एका बाजूला झुकायची. हे तर आपलंच काम, असं म्हणत काटेवाल्यांनी ती तोलून दिली आणि तोल साधला का ते बघायला म्हणून डोळा लावला. समोर चंद्र होता. त्या संध्याकाळपासून ते कामातून गेले.

वर्षभरात त्यांनी स्वतःची दुर्बीण आणली. आठ इंची आरशाची, पिंपाएवढी नळी, खाली तिवई, तिवईवर फिरतं डोकं, डोक्याच्या एका अंगाला नळी आणि दुसऱ्या अंगाला लोखंडी दांड्यात ओवलेली पाच पाच किलोंची दोन वजनं. बायको म्हणाली, याच्यापेक्षा सवत परवडली असती, निदान स्वतःच्या पायांनी चालली असती. काटेवाल्यांना हे इतकं पटलं की ते पुढं येईल त्याला सांगू लागले, बाबांनो, दुर्बिणीला चालता येत नाही, घ्यायच्या आधी हे लक्षात ठेवा.

आणि येणारे पुष्कळ होते. हौसेनं दुर्बीण घ्यायची ठरवली की लोक आधी काटेवाल्यांकडे यायचे. जाहिरातीत सहाशेपट मोठं दिसतं असं लिहिलंय, म्हणायचे. खोक्यावर छापायला काय जातंय, असं म्हणून काटेवाले उलटतपासणी सुरू करत. कितव्या मजल्यावर राहता? खाली कोण उतरवणार? कंबर कशी आहे? कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तिसऱ्या मजल्यावर, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, सगळ्यात मोठी दुर्बीण घ्यायचं मनात आणलं होतं. काटेवाल्यांनी त्याला दोन डोळ्यांनी बघायची साधी छोटी दुर्बीण घे म्हणून सांगितलं. शिंपी पंधरा दिवस बोलला नाही. मग त्यानं मोठीच घेतली, आणि सहा महिन्यांत तिच्यावर अर्धवट शिवलेले कोट लटकू लागले. काटेवाले कोटाचं माप द्यायला गेले तेव्हा दोघंही त्या कोपऱ्याकडे न बघता बोलले.

मन नळीवर जातं पण निवडायचे असतात पाय, हे त्यांचं ठरलेलं बोलणं. नळीवर टिचकी मारायची आणि आत दिसणारा तारा किती अंकांत थरथरायचा थांबतो ते मोजायचं. तिनाच्या आत थांबला तर घ्यायची, नाहीतर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडायचं. तिवईचे पाय पूर्ण उंच करायचे नाहीत. माती भुसभुशीत असेल तर पायाखाली फळीचे तुकडे. वारा असेल तर तिवईच्या पोटात दगडांची पिशवी टांगायची. आणि चढवताना, सगळ्यात महत्त्वाचं, आधी वजन, मग नळी. दांड्यावर वजन नसताना नळी बसवली की डोकं गरकन फिरतं आणि नळी आपटते. जमलेल्या लोकांकडून ते हे एका सुरात म्हणवून घेत. गावातल्या हौशी मंडळींना पाढ्यासारखं पाठ होतं: आधी वजन, मग नळी.

त्यांच्या मुलीलाही पाठ होतं. पण लहानपणापासून तिला दुर्बिणीला हात लावायची परवानगी नव्हती. बघ, पण लांबून, असं काटेवाले म्हणायचे. ती बघायची, आणि तिच्या वाट्याचं बघून झालं की आई तिला झोपायला नेई. लोक पांगत. नंतर सगळं उतरवायचं काम काटेवाले एकटेच करत. ते काम त्यांना आवडायचं, त्यात कुणाची लुडबुड नको असायची.

सहासष्टाव्या वर्षी, वाण्याचा काटा मांडीवर घेऊन बसलेले असताना, त्यांच्या उजव्या हातातून पेचकस गळून पडला. तो उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. पंधरा दिवस दवाखान्यात काढून घरी आले ते चाकांच्या खुर्चीत. उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. एक शब्द तेवढा शिल्लक होता: बरं.

आत सगळं जागच्या जागी होतं, हीच तर खरी शिक्षा होती. शब्द तयार होऊन ओठांपर्यंत यायचा आणि बाहेर पडताना 'बरं' होऊनच पडायचा. नाही म्हणायला निघालेली मान हो म्हणून हलायची. मुलीनं पाटी आणून डाव्या हातात खडू दिला, तर अक्षरं आठवायची पण हात नुसती वेटोळी काढायचा. काटेवाले त्या वेटोळ्यांकडे बघत बसायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकं वाईट काम केलेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, बोलणं गेलंय, समज शाबूत आहे. बायकोला ते पटेना. ती बिचारी थकून गेली होती. चहा हवा का विचारलं की बरं म्हणतात आणि पुढं ठेवला की ढकलतात, असं ती मुलीला सांगायची, आणि काटेवाल्यांच्या देखतच सांगायची. शेजारीपाजारीही त्यांच्यासमोरच, ते तिथं नसल्यासारखं, त्यांच्याबद्दल बोलायला शिकले होते. एकटी मुलगी ऐकायला तयार नव्हती. ती नवरा आणि मुलीसोबत दोन गल्ल्यांपलीकडे राहायची, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, आणि रोज संध्याकाळी येऊन बापाच्या समोर खुर्ची ओढून बसायची. दिवसभरातलं सगळं सांगायची, मत विचारायची, 'बरं' ऐकून घ्यायची आणि डोळ्यांत बघून खरं उत्तर शोधायची. बऱ्याचदा तिला ते सापडायचं. काटेवाले दिवसभर त्या अर्ध्या तासासाठी जगत होते.

मागचं दार उघडून दुर्बीण अंगणात लावायची, हे तिच्याच डोक्यातून निघालं. "आई, तू त्यांचा चेहरा बघ फक्त," ती म्हणाली. "मग सांग मला, कळत नाही म्हणून."

सूर्य मावळून थोडा वेळ झाला होता आणि पश्चिमेला चार-पाच दिवसांचा चंद्र होता. काटेवाल्यांची खुर्ची दारात आणली. मुलीनं तिवई मांडली, पाय आखूडच ठेवले, मातीत फळीचे तुकडे घातले. दर पायरीला ती मागं वळून विचारायची, बरोबर ना बाबा, आणि ते म्हणायचे, बरं. खरंच बरोबर होतं. मग तिनं दांड्यावर एकामागून एक दोन्ही वजनं ओवली, ती निसटू नयेत म्हणून टोकाची खिट्टी फिरवून घट्ट केली, आणि नळी उचलताना ते पाठ केलेलं वाक्य मोठ्यानं म्हटलं. नळी कड्यांत बसली. फिरत्या डोक्याचा पेच तिनं सैलसरच ठेवला. काटेवाले तो आयुष्यभर तसाच ठेवत आले होते, तोल बरोबर असेल तर नुसत्या बोटानं दुर्बीण फिरली पाहिजे या मिजाशीत. तिनं बोट लावलं. दुर्बीण फिरली.

तिनं नळी कड्यांतल्या कड्यांत वळवून बघायचं भिंग खुर्चीच्या उंचीला आणलं आणि बापाचं डोकं दोन्ही हातांनी धरून त्याला लावलं. खड्डे, डोंगर, उजेड-अंधाराची ती दातेरी रेघ, सगळं होतं तिथंच होतं. काटेवाल्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. बायकोनं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मुलगी नुसती आईकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की काटेवाल्यांना वाटलं, आता कशाचीच कमी नाही.

थोड्या वेळानं बायको म्हणाली, गार वारा सुटलाय, आता आवरा. ती खुर्चीच्या मागं येऊन उभी राहिली. मुलीनं भिंगाला टोपण लावलं, हात झटकले आणि वजनांच्या बाजूला गेली. दांडा आडवा होता. ती त्याच्यावर वाकली आणि टोकाची खिट्टी फिरवू लागली.

काटेवाल्यांनी तिची बोटं कुठं आहेत ते पाहिलं. उतरवताना उलटं असतं. आधी नळी काढायची, वजन सगळ्यात शेवटी. हे तिला माहीत नव्हतं, आणि तिलाच काय, कुणालाच माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं त्यांनी गावाला चढवायचं शिकवलं होतं आणि उतरवायचं एकट्यानं केलं होतं, सगळे गेल्यावर. त्यात सांगण्यासारखं काही आहे हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

डाव्या हातानं त्यांनी खुर्चीचा हात धडाधडा बडवला. मुलगी हसून वर बघत म्हणाली, "झालंच बाबा, दोन मिनिटं." खिट्टी हातात आली. तिनं ती खिशात टाकली. मग, जशी ती रोज विचारायची तशी, खरोखर उत्तर हवं म्हणून, तिनं विचारलं.

"बाबा, आधी वजनच ना?"

अंगात होतं नव्हतं ते सगळं काटेवाल्यांनी एका शब्दामागं लावलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. नाही, नाही, नाही, असं ते आत ओरडत होते, तिला ढकलून द्यावं म्हणून अर्धं अंग खुर्चीतून पुढं झुकलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "बरं, बरं, बरं." आणि मान जोरजोरात हो म्हणून हलली.

"बघ, किती घाई झालीय त्यांना," मुलगी आईला म्हणाली, आणि तिनं टोकाचं वजन दोन्ही हातांनी बाहेर ओढलं.

नळी खाली गेली आणि दांडा वर आला. दोन्ही एकाच क्षणी झालं. दांडा तिच्या हनुवटीवर बसला, हातातलं पाच किलोंचं लोखंड तिच्या पायावर पडलं, आणि नळी तिवईच्या पायावर आपटून आतून काच तडकल्याचा आवाज आला. मुलगी मातीत बसली. रक्त बघायची रोजची सवय असलेली ती, पण हनुवटीचं रक्त हाताला लागलं तेव्हा तिनं ते नुसतं बघितलं आणि मग बापाकडे बघितलं. काटेवाले अजून म्हणत होते, बरं, बरं. त्यांना थांबता येत नव्हतं.

हनुवटीला चार टाके पडले, पायाची दोन हाडं मोडली. आठवडाभर ती येऊ शकली नाही. आली ती कुबडी घेऊन, आणि आधी स्वयंपाकघरात गेली. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. आई म्हणत होती, आरसा गेला तो गेला, तुझा डोळा गेला असता म्हणजे.

"मी विचारलं होतं गं," मुलगी म्हणाली. रागावून नाही, अगदी हळू. "मुद्दाम विचारलं होतं. इतकी वर्षं ज्यांनी हे केलं, त्यांना हेही कळलं नाही. तुझंच खरं होतं."

काटेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. तिनं चिडावं, आरडाओरडा करावा, असं त्यांना वाटत होतं. माणूस रागावतं ते समजत्या माणसावर. ती रागावलेलीच नव्हती.

ती बाहेर आली, कुबडी भिंतीला टेकवली आणि समोरच्या खुर्चीत बसली. प्रयोगशाळेतलं काही सांगितलं नाही. पातळ केलेल्या भाताची वाटी हातात घेऊन एकेक घास भरवू लागली. तिचे हात पूर्वीपेक्षाही मायेचे होते. आवाज मात्र नवा होता, मोठा आणि लाडिक, प्रत्येक शब्द सुटा. काटेवाल्यांनी तो याआधी एकदाच ऐकला होता, तिची मुलगी वर्षाची होती तेव्हा.

खिडकीतून पूर्वेचं आकाश दिसत होतं. अजून नीट अंधार पडलेला नव्हता. तिनं चमचा वाटीत ठेवला आणि बोटानं बाहेर दाखवलं.

"ते बघ, काय आहे तिकडे? दिसलं का? चंद्र आहे तो. म्हण बरं, चंद्र."

काटेवाल्यांनी चंद्राकडे पाहिलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हनुवटीवरच्या टाक्यांकडे, आणि तोंड उघडलं. तिला वाटलं घास बाहेर येतोय. तिनं रुमाल घेऊन त्यांचं तोंड पुसलं.