कॅमेरा बंद ठेवून वाचलेल्या कविता

मुंबईच्या विमानतळावर माझी बॅग काट्यावर जड भरली आणि आईने ती तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात, फरशीवर उघडली. वर माझी कवितांची पुस्तकं होती आणि खाली साड्यांत गुंडाळलेला पितळी खलबत्ता. आईने विचारसुद्धा केला नाही. पुस्तकं काढून बाबांच्या हातात दिली आणि चेन ओढली. "कविता काय, तिकडेही सुचतील. आल्याच्या चहाला खलबत्ता कुठून आणशील?" माझा नवरा मंदार ट्रॉलीवर रेलून आमची गंमत बघत होता. आत जायच्या आधी आईने मला जवळ ओढलं आणि डाव्या कानात सांगितलं, "भांड्याला भांडं लागतंच गं. आवाज तेवढा बाहेर जाऊ द्यायचा नाही."

तो कान आता कामाचा राहिलेला नाही. सल्ला मात्र त्यात बराच काळ टिकला.

'घर म्हणजे काय' या विषयावर सगळ्यांनी काहीतरी लिहा, असं पेंडसे काकांनी आमच्या कवितांच्या ऑनलाइन कट्ट्यावर फर्मान काढलंय, म्हणून हे लिहिते आहे. तिकडे पुण्यात राहिलेल्यांनी वाचावं आणि इकडे आलेल्यांनीही. गोड काही निघेल अशी अपेक्षा असेल तर इथेच थांबा.

मेलबर्नला आम्ही पॉइंट कुकमध्ये भाड्याच्या घरात राहायचो. खाडीवरून वारा सुटला की कचऱ्याचे डबे रस्ताभर लोळायचे. मंदार आयटीत होता, सकाळी गाडी स्टेशनवर लावून सिटीत जायचा. पहिली थोबाडीत बसली ती गाडीची किल्ली मी दुसऱ्या खिळ्याला अडकवली म्हणून. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "नवीन देश, नवीन नोकरी, माणूस चिडतो. तू कशात तरी मन रमव." माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला होता आणि हे तो मला मीठ मागावं इतक्या सहज ऐकवायचा. म्हणून मी मन रमवायला निघाले.

कट्टा कोविडच्या सुरुवातीला उभा राहिला. पेंडसे काका सिडनीच्या क्वेकर्स हिलमधले, निवृत्त इंजिनीअर. कोणाला घराबाहेर पडता येईना तेव्हा त्यांनी ऑस्ट्रेलियाभरची मराठी कविता करणारी माणसं एका व्हॉट्सॲप ग्रुपवर गोळा केली. रोज कविता टाकायची आणि शनिवारी दुपारी झूमवर वाचायची. खरं सांगायचं तर आमच्यातल्या एकाचीही कविता छापायच्या लायकीची नव्हती, पण दाद मात्र दरबारी. मी कपडे वाळत घालण्यावर पहिल्या चार ओळी टाकल्या आणि पाठोपाठ 'वा', 'क्या बात', 'मीनल, अजून येऊ दे' सुरू झालं. मी वॉशिंग मशीनला टेकून रडले. या घरात माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं जात नव्हतं आणि तिकडे पर्थचा एक अनोळखी डेंटिस्ट माझी ओळ परत परत म्हणून बघत होता. काकांनी तर प्रत्येकाचा पत्ता घेऊन पोस्टाने एकेक पेन पाठवलं, सोबत चिठ्ठी, 'लिहीत राहा.'

कट्ट्याचे नियम दोनच. कविता वाचताना कॅमेरा बंद ठेवायचा, कारण काकांच्या मते चेहरा दिसला की कविता ऐकू येत नाही. आणि कवितेतला 'मी' म्हणजे कवी नव्हे, तेव्हा 'हे खरं आहे का' असं कोणी कोणाला विचारायचं नाही. चांगले नियम होते. साहित्याच्या वर्गात शोभले असते.

मग आमच्या शहराला मोठं कुलूप लागलं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रात्री आठनंतर बाहेर पडायचं नाही, मास्क नसेल तर दंड. मंदारच्या टीममधली माणसं कमी झाली, पगार कापला गेला, आणि तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिवसभर घरातच राहू लागला. पूर्वी मार आठवड्याने पडायचा, आता मीटिंग संपली की पडायचा. हेडफोन काढून टेबलावर ठेवला की मला कळायचं. तो दंडाला धरून भिंतीवर आपटायचा आणि कधी कधी पोटात गुडघा घालायचा. नंतर हात धुवायचा, अगदी वीस सेकंद, टीव्हीवर सांगायचे तसा.

एकदा त्याने बत्ता फेकला. त्याची मीटिंग चालू असताना मी आलं कुटत होते, तो आवाज पलीकडच्यांना गेला, एवढंच. मी वाकले म्हणून वाचले. इकडच्या भिंती आतून पोकळ असतात. बत्ता सरळ आरपार गेला आणि डोक्याएवढं भोक पडलं. दुसऱ्या दिवशी मी 'भगदाड' नावाची कविता कट्ट्यावर टाकली. दादेचा पाऊस पडला. 'नात्यातल्या पोकळीला काय प्रतिमा शोधलीस' असं एकीने लिहिलं. कोणीतरी मावळत्या सूर्याच्या फोटोवर ती कविता छापून सुंदर चित्र केलं आणि मंदारने ते आपल्या फेसबुकवर टाकलं, वर लिहिलं 'प्राउड ऑफ माय वाइफ'. संध्याकाळी त्याच भोकापाशी चहाचा कप घेऊन उभा राहिला आणि कौतुकाने म्हणाला, "कुठून सुचतं गं तुला हे?"

त्याला खरंच कळत नव्हतं. माझ्या कवितेतला 'तो' त्याला कुणी दुसराच नालायक माणूस वाटायचा.

कानाचं त्यानंतर झालं. मी फोनवर कट्ट्याचं काहीतरी वाचून हसले, त्याला वाटलं त्याला हसले. उघड्या पंजाची कानाखाली बसली ती नेमकी कानावरच. आधी एकदम शांतता, मग घंटा वाजू लागली ती थांबेना. सकाळी उशीवर रक्ताचा डाग होता. डॉक्टरकडे नेतोस का विचारलं तर म्हणाला, "हॉस्पिटलं कोविडने भरलीत, तुझ्या कानाला कोण विचारतंय." त्या आठवड्यात मी लिहिलं की डाव्या कानात कुणीतरी घंटा बांधून गेलंय आणि उशी रोज कुंकू लावते. पेंडसे काकांनी लगेच दाद दिली, "देऊळ आणि सौभाग्य एकाच कडव्यात! फक्त तिसऱ्या ओळीत एक मात्रा वाढतेय, बघ."

शुभाताईंनी दाद दिली नाही. शुभाताई डार्विनच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ, आणि कविता करायच्या त्या पाली, मगरी आणि घाम यांच्यावर, विनोदी. त्यांनी ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारलं, "घंटा सतत वाजते का? चक्कर येते का? त्या कानाला फोन लावला तर ऐकू येतं?" काकांनी हात जोडल्याचं चित्र टाकून नियमाची आठवण करून दिली. माझा फोन रोज तपासायची मंदारची पद्धत होती. तो ते वाचून हसला. "ही बाई येडी आहे का? कविता आहे ती."

शुक्रवारी भाजी खारट झाली आणि त्याने माझं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं.

शनिवारी दुपारी झूमवर माझी पाळी आली. मंदार बाहेरच्या खोलीत क्रिकेट बघत होता. मी आवाज सुरू केला, तेवढ्यात शुभाताई म्हणाल्या, "मीनल, थांब. आज कॅमेरा लावून वाच."

"शुभाताई, आपला नियम आहे ना," काका म्हणाले.

"नियम घाला चुलीत. मीनल, कवितेतली मी म्हणजे तू का? हो असेल तर कॅमेरा लाव. बोलू नकोस काही."

माझा हात माउसवर होता. मला आईचं वाक्य आठवलं, आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही. मग वाटलं, आई, आवाज कुठे जातोय, मी नुसता चेहरा दाखवतेय. मी बटण दाबलं.

माझा डोळा मिटलेला होता आणि ओठ उसवलेला. मी कविता वाचली, सगळी, घंटेसकट, ती वाढलेली मात्रा तशीच ठेवून. वाचून झालं आणि कोणीही 'वा' म्हणालं नाही. एकेक करत सगळ्यांचे कॅमेरे चालू झाले. पर्थचा डेंटिस्ट तोंडावर हात ठेवून बसला होता. काकांच्या चौकटीत नुसती खुर्ची होती.

त्या शांततेनेच घोळ केला. मंदारला शनिवारी पलीकडून वाहवा ऐकायची सवय होती. ती आली नाही म्हणून तो उठून आत आला. "काय गं, आज आवडली नाही वाटतं कोणाला?" असं म्हणत तो वाकला आणि स्क्रीनवरचे सगळे त्याच्याकडे बघत होते.

त्याने लॅपटॉपचं झाकण माझ्या बोटांवर आदळलं. मग केस धरून मला खुर्चीवरून ओढलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि सुटले. ओट्यावरचा बत्ता त्याने उचलला ते मी पाहिलं. मी लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, घुसून कडी लावली. दरवाजेही इकडच्या भिंतींसारखेच. दुसऱ्या घावाला फळी फुटली, तिसऱ्याला माझ्या आईचा बत्ता आत डोकावला. तो शिव्या देत नव्हता. तो म्हणत होता, "लोकांना काय दाखवलंस? लोकांना काय दाखवलंस?"

लाँड्रीला मागच्या अंगणात उघडणारं दार असतं. ते उघडून मी पळू शकत होते, पण अर्धा क्षण मी तिथे उभी राहिले ते का, तर माझा मास्क आत राहिला होता. बिनमास्कची बाहेर गेले तर दंड होईल, व्हिसाच्या फायलीत नोंद होईल, असं माझ्या डोक्यात आलं. मागे दार फुटतंय आणि ही बाई कायदा पाळतेय. शेवटी मशीनवरचा ओला टॉवेल तोंडाला गुंडाळून मी अनवाणी धावले, बाजूच्या फाटकातून रस्त्यावर. आणि ओरडले. पुण्याहून निघाल्यापासून गिळलेला सगळा आवाज त्या गल्लीत सोडला.

शेजारची बाई बाहेर आली. मंदार फाटकापर्यंत आला, तिला फोन लावताना पाहून तिथेच थांबला, हातात बत्ता. मग सायरन ऐकू आला. काका खुर्चीवरून उठले होते ते ट्रिपल झीरोला, इकडच्या पोलिसांच्या नंबराला, फोन करायला. आमचा पत्ता त्यांच्याकडे होता, त्या पेनामुळे. पोलिसबाई गाडीतून उतरली तेव्हा मी पहिलं काय म्हणाले असेन? "सॉरी, माझ्याकडे मास्क नाहीये." ती म्हणाली, "नो वरीज, लव्ह," आणि आपलं जाकीट माझ्या खांद्यावर घातलं. मार चुकवायला घराबाहेर पडायला कुठल्याच नियमात बंदी नव्हती, हेही मला तिनेच सांगितलं.

पुढे पोलिसांनी घरातून माझा फोन आणून दिला आणि मला सुरक्षित म्हणून एका मोटेलच्या खोलीत ठेवलं. काकांचा फोन आला आणि ते रडले. "मी मात्रा मोजत बसलो गं," म्हणाले. मी त्यांना 'असू दे' म्हटलं नाही. मला राग होता. त्या मावळत्या सूर्याच्या चित्राचा तर अजूनही येतो. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. या लोकांनी दाद दिली नसती तर मी लिहिलं नसतं, आणि लिहिलं नसतं तर शुभाताईंनी वाचलं काय असतं? मोटेलमध्ये होते तेवढे दिवस कट्ट्याने झूम उघडंच ठेवलं. कोणी ना कोणी असायचंच. कविता कोणी वाचत नव्हतं. डेंटिस्ट कांदा चिरायचा, कुणाची मुलगी 'व्हाय इज आंटी इन अ हॉटेल' विचारून जायची आणि मी मायक्रोवेव्हमध्ये भात लावायचे.

सीमा उघडल्यावर शुभाताईंनी तिकीट पाठवलं. डार्विनला उतरले तेव्हा गरम ओल्या फडक्याने तोंड दाबावं तशी हवा होती. ताई गाडीत बसल्याबसल्या म्हणाल्या, "रडायचं असेल तर एसीची भोकं तुझ्याकडे वळव." मी त्यांच्या मागच्या खोलीत राहिले, चाइल्डकेअरचा कोर्स केला, आता जवळच स्वतःचं युनिट आहे, म्हणजे छोटा फ्लॅट. मंदारचं काय करायचं ते कोर्टाने केलं. व्हिसाचं वेगळं महाभारत झालं, ते वकिलाला विचारा. कान मात्र परत आला नाही. कट्टा चालू आहे, कॅमेरे उघडे असतात. काका आता मी आंब्यावर जरी कविता टाकली तरी आधी विचारतात, "मीनल, बरी आहेस ना?" आणि मग मात्रा मोजतात.

सासरहून पळालेली मुलगी म्हणून आईला नातेवाइकांत काय काय ऐकावं लागलं ते तिने मला सांगितलं नाही. विमानं सुरू झाली तशी ती आली. इथे पोचल्यावर तिने माझ्यासमोर फरशीवर बसून बॅग उघडली. लोणचं नाही, पापड नाही. वर माझी पुस्तकं होती, खाली पण पुस्तकंच. मी विचारलं, "खलबत्त्याचं विचारलं नाहीस?" ती म्हणाली, "पोलिसांकडेच राहू दे."

पण त्या शनिवाराबद्दल आम्ही बोललो नाही. आई रोज स्वयंपाक करायची, शनिवारी माझ्या मागे उभी राहून कट्ट्यावरच्या लोकांना नमस्कार करायची आणि शुभाताईंशी मगरींबद्दल गप्पा मारायची. ती परत जायच्या आधीच्या एका दुपारी आम्ही मेथी निवडत होतो. आई माझ्या डावीकडे बसली होती. तिचे हात थांबलेले दिसले, ओठ हलताना दिसले, पण ऐकू काहीच आलं नाही.

"काय म्हणालीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. 'काही नाही' म्हणून तिला सोडून देता आलं असतं, कारण एकदा बोलून तर झालं होतं. ती गुडघ्यावर हात टेकत उठली, टेबलाला वळसा घालून माझ्या उजवीकडे येऊन बसली आणि माझ्या चांगल्या कानाशी येऊन तिने ते वाक्य पुन्हा म्हटलं.

"मी तुला म्हटलं, तू फोन केलास तेव्हा मी विचारायला हवं होतं."

काका, घर म्हणजे काय ते विचारलंत ना. माझा कुठला कान चालतो हे ज्यांना माहीत आहे, ती माणसं.