दहा फुटांचे तीन हजार

मी चौथी नापास. सुतारकामात पन्नास वर्षं काढली ती फूट, इंच आणि सुतावर. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. टेपच्या खालच्या कडेला सेंटीमीटरचे आकडे असतात, तिकडे मी कधी पाहिलं नाही. कुणी त्या भाषेत माप सांगितलंच तर हिशेब तोंडपाठ होता, फुटाचे तीस. शाळेच्या पट्टीवर एका कडेला बारा इंच, दुसऱ्या कडेला तीस सेंटीमीटर. तिसाची रेघ बाराच्या किंचित अलीकडे संपते, हे दिसत होतं. पट्टी स्वस्तातली, छापताना सरकली असेल, असं धरून चाललो. कपाटं, खिडक्या यांत तेवढं खपून जातं.

बायकोला अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिचं एकच मागणं होतं. बेडपॅन नको, संडासाला माझी मी चालत जाईन. खोलीपासून संडासापर्यंत दहा फुटांचा बोळ. बाजूची भिंत प्लायवूडची, तिला भार पेलणार नाही. म्हणून दोन टोकांच्या पक्क्या भिंतींमध्ये आडवा स्टीलचा पाइप टाकायचा, मध्ये जमिनीतून एक टेकू, असं मी ठरवलं.

फॅब्रिकेशनवाल्याने फोनवर माप एमएममध्ये मागितलं. मी न थांबता तीन हजार सांगितलं. मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे, तो तेव्हा बूट घालत होता. म्हणाला, बाबा, एकदा टेप लावून बघू का? मी म्हटलं, "तुझ्या कंपनीतली मापं तू बघ. या शनिवार पेठेतली निम्मी दारं मी बसवलीत."

पाइप आला तो आखूड, दोन इंचांना एक सूत कमी एवढा; पट्टीवरचं ते किंचित अंतर दहापट झालं होतं. परत पाठवला असता तर माप चुकलं असं कबूल करावं लागलं असतं. मी सागवानाचा ठोकळा तासला, संडासाकडच्या टोकाला भिंत आणि पाइपाची चकती यांच्यामध्ये घातला, लांब स्क्रू मारले, वर पॉलिश केलं. मुलाला सांगितलं, मुद्दाम ठेवलाय, स्टील भिंतीला थेट लावत नसतात. त्याने मान हलवली.

आठ महिने ती त्या पाइपाला धरून गेली आणि आली. मधे थांबून दम खायची, पण मला हात लावू द्यायची नाही. संडासाकडची भिंत ओलसर. लाकूड ओल धरतं, फुगतं, सुकतं, स्क्रू सैल होतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एकदा मी स्क्रू पिळलेही. ते नुसतेच फिरले.

मग एका सकाळी ती म्हणाली, "अहो, हे हलतंय."

मी पेपर वाचत होतो. म्हटलं, "पाइप नाही हलत. तुझा हात हलतोय."

ती पाइप धरून पुढे गेली. पुढचे चार दिवसही तोच पाइप धरून गेली. पाचव्या दिवशी सकाळी आवाज झाला. जाऊन पाहतो तर ती खाली, पाइपाचं टोक भिंतीपासून सुटलेलं, ठोकळा तिच्या पायाशी. खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगा धावत आला तेव्हा ती त्याला म्हणाली, माझाच पाय घसरला रे. मी शेजारी उभा होतो.

त्यानंतर ती उठली नाही. जे तिला नको होतं ते सगळं झालं, बेडपॅन, डायपर, रोज येणारी परकी बाई. ती बाई आली की ती डोळे मिटून घ्यायची. तीन महिन्यांनी बायको गेली.

तेराव्यानंतर मुलाला सांगितलं. म्हटलं, आई घसरली नव्हती. माप माझं चुकलं होतं, आणि पाइप सुटला.

तो म्हणाला, "माहीत आहे. ठोकळा मीच उचलला होता."

मग बोलला का नाहीस, असं मी विचारलं, आणि तेही जरा चढ्या आवाजातच.

"आईने शपथ घातली होती. म्हणाली, त्यांना मापाबद्दल काही बोलायचं नाही."

त्याची बस यायची होती, तो गेला. मी बोळात गेलो. भिंतीला स्क्रूची चार भोकं आहेत. ती मी अजून बुजवलेली नाहीत.