चांदपूरची पार आणि माझी सायकल

गुडघ्याचं ऑपरेशन माझं, सायकल माझी आणि निकाल लावला पोराने. "आई, आता सायकल बंद. शेजारच्या भाऊले सांगितलं मी, सोमवारी नेते तो." डॉक्टर तर सायकल चालवा म्हणाले होते. पण आमच्या घरात डॉक्टरपेक्षा पोराला जास्त कळतं. जवाहरनगरच्या क्वार्टरपासून दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या गेटापर्यंत अख्खी नोकरी मी त्या सायकलवर केली. मी भांडले, अबोला धरला, तोही सकाळच्या चहापर्यंतच टिकला. शेवटी पोरगा म्हणाला, "रविवारी चांदपूरले जाऊ. तलावाच्या पारीपर्यंत न उतरता चालवून दाखव, मंग पाहू."

सिहोरा माझं माहेर, चांदपूरचा तलाव तिथून जवळच. शनिवारी सायकली टेम्पोत टाकून भावाकडे मुक्काम केला आणि सकाळी उन्हं वर आल्यावर निघालो. आमचे हे, मुलगा, सून, छोट्या सायकलवर नात आणि मी. रस्ता असा सपाट, की पोरांनाही दम लागत नाही. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये पेंढ्यांचे पुंजणे रचलेले, हवेला तणसाचा वास. सुनेच्या कॅरियरला गोवऱ्या, माझ्या कॅरियरला कणकेचा डबा आणि वांगी. पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पानगे भाजायचे ठरले होते. गुडघा एकदाही कुरकुरला नाही. फार बरं वाटत होतं मला, लग्नाआधीसारखं.

पारीवर जायला एक चढण आहे. ती मी अर्धी चढले, तोच पुढे नातीची सायकल आडवी झाली. ब्रेक मारला, पाय टेकला. नात कपडे झटकत उठली, पण पोराने नेमका माझाच पाय पाहिला. "उतरली ना? सोमवारी देऊन टाकू." मी सायकल ढकलत वर नेली. बोलले असते तर चार गोष्टी जास्तच बोलले असते.

वर मात्र डोळे निवले. एका बाजूला पाणीच पाणी, पलीकडे डोंगर, त्यावर मारुतीचं देऊळ, खाली झाडी. वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या. सुनेने गोवऱ्या रचल्या, मी गोळे थापून पळसाच्या पानात गुंडाळले. वांगी चिरून घरचाच मसाला लावला. मग मी म्हटलं, "माचिस द्या."

ह्यांनी खिसे चाचपले. पोराने चाचपले. माझाही हात आपसूक कमरेकडे गेला. फॅक्टरीच्या गेटावर झडतीत माचिस सापडली तर नोकरीवर बेतायचं. ह्यांची नोकरी तिथेच, माझी तिथेच, आता पोराचीही तिथेच. खिशात माचिस ठेवायची आमच्या अंगाला सवयच नाही. घरी गॅसला लायटर. सुनेला वाटलं सासरे आणतील, सासऱ्यांना वाटलं पोरगा आणेल.

"तुम्ही त् रिटायर झाले ना," मी ह्यांना म्हटलं.

"मी झालो वं, खिसा नाही झाला," हे म्हणाले.

जित्याची खोड, दुसरं काय. बापलेक काहून आणली नाही, कोणी आणायची होती, यावर वाद घालत बसले. नातीला भूक लागली होती. देवळाच्या डोंगराच्या पायथ्याशी नारळ-अगरबत्तीची दुकानं दिसत होती. मी सायकल घेतली आणि उतरणीवरून सोडून दिली. मागून "आई, थांब, मी जातो" ऐकू आलं, पण आता कोण थांबतं.

दुकानातून माचिस घेऊन परतले तर पोरगा उतरणीच्या वरच्या टोकाला उभा. धापा टाकत होता, माझ्यामागे थोडं पळून परत वर चढला असावा. मी माचिस दातात धरली, दोन्ही हातांनी हँडल घट्ट पकडलं आणि चढायला लागले. मधे काही आडवं आलं नाही. मी त्याच्या पायाशीच जाऊन थांबले. त्याने माझ्या तोंडातून माचिस काढून घेतली.

पानगे झकास भाजले. तूप घालून नातीने दोन खाल्ले. हात धुऊन पोरगा जरा बाजूला गेला आणि शेजारच्या भाऊला फोन लावला. "सायकल देत नाही आता," तो म्हणाला. तिकडून काहून म्हणून विचारलं असेल. पोरगा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "लागते आम्हाले. माचिस आनाले."