जोशीसाहेबांचा पिसांचा गळ

शिरपूरच्या एसटी स्टँडवर अप्पांनी, माझ्या वडिलांनी, पिशवी हातात दिली आणि म्हणाले, “आपल्या माणसाला धरून राहा.” आपला माणूस म्हणजे आमच्याच गल्लीतला भिला. तो दमणगंगेकाठच्या राखोलीच्या सूत कारखान्यात आधीच लागला होता. सत्त्याऐंशी साली मीही तिथे लागलो आणि त्याच्याच खोलीत राहिलो.

फाल्गुनात संध्याकाळी दमणगंगेच्या पाण्यातून बारीक पंखांचे किडे उठायचे आणि त्यांच्यासाठी मासे वर उसळायचे. तेव्हा आमचे पुण्याचे इंजिनियर जोशीसाहेब गुडघाभर पाण्यात उभे असायचे. हिमाचलात नोकरीला असताना ते ट्राऊट मासा धरायला शिकले होते. गळाला गांडूळ नाही, कोंबडीचं पीस बांधून केलेला खोटा किडा. मासा लागला की न्याहाळायचे आणि सोडून द्यायचे.

धरलेला मासा सोडणारा माणूस आम्हाला पटेना. कायम करा म्हणून अर्ज द्यायचा, ही आमची बोलणी त्याच काठावर चालायची. भिला म्हणाला, हा शेठचा कान आहे, नजर ठेव. मी जवळ जाऊन बसायचो. साहेब पीस बांधायला शिकवायचे, गावाची चौकशी करायचे. मी प्रत्येक प्रश्नाला खोटं उत्तर दिलं.

अर्ज देण्याआधीच तिघांना कामावरून काढलं. त्या संध्याकाळी मी साहेबांची गळाची काठी गुडघ्यावर मोडली. त्यांनी तुकडे उचलले.

“मी कुणाचं नाव सांगितलेलं नाही,” एवढंच म्हणाले.

मी विश्वास ठेवला नाही. महिन्याभरात ते नोकरी सोडून गेले.

दिवाळीला भिला सुपरवायझर झाला. तेव्हा मला कळलं, नावं कुणी सांगितली ते. विचारल्यावर तो खाली बघत म्हणाला, “माले घर चालाडनं व्हतं, भाऊ.”

मी पिशवी उचलली आणि जवळच्याच रांधा गावी लाडककडे गेलो. लाडक हा वारली आदिवासी, कामावरून काढलेल्या तिघांतला एक. भिलाचं आणि मोडलेल्या काठीचं, सगळं त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, “आधी जेव.”

या गोष्टीला दहा वर्षं झाली. त्याच्याच अंगणाशेजारी मी दोन खोल्या बांधल्या. तुम्ही शिरपूरहून पत्रात विचारता, घरी कधी येतोस. अक्षय्यतृतीयेला शिरपूरला येईन, अप्पांना भेटेन. चार दिवसांनी घरी परतेन. लाडकची बायको माझी भाकरी झाकून ठेवते.