सुकेळीच्या पुडक्याबरोबर चांदीपला

कमळने सोपटाची गाठ दातांनी सोडली, पान उलगडलं आणि पुडकं नाकाशी नेलं. आत सुकेळी होती. पुस्तक नव्हतं.

दुपारचे दोन वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन. एक डोळा पूर्वीच गेलेला, उरलेल्याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. त्या डोळ्याला भिंग लावून, चांगलं ऊन असलं तरच अक्षर दिसायचं. साडेपाचनंतर काही नाही.

"यमे, मी केळी मागितली होती का गं?" कमळ म्हणाली.

चूक माझी होती. ती कशी झाली ते सांगते.

कमळ आणि मी आगाशीच्या शाळेत चौथीपर्यंत एका बाकावर. पुढे ती लग्न होऊन चांदीपला भातशेतीत गेली, मी वाडीतच राहिले. शाळा सुटली, वाचायची खोड सुटली नाही. वाचलेली पुस्तकं एकमेकींना पाठवतो. नियम एकच, खुनी कोण ते सांगायचं नाही. या खेपेला तिने रद्दीवाल्याकडून एक खुनाची कादंबरी आणली, तिची शेवटची बावीस पानं फाटलेली. शेवट काय तो डोळा असताना स्वतः वाचायचा, म्हणून ती हटून बसली. मी विरारच्या वाचनालयात अख्खी प्रत शोधली, वाचून काढली आणि तिला द्यायला निघाले.

प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तकाला घाम सुटतो. आमच्याकडे कोणाला काही द्यायचं तर सुक्या केळीच्या पानात बांधून, वर सोपटाची (केळीच्या खोडाची सुकी साल) गाठ मारून देतात. पुस्तकही तसंच बांधलं. शेजारी भाचीसाठी सुकेळी (राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती). दाबून बांधली की तिचीही चपटी वीटच होते.

आगाशीहून सकाळच्या बसने विरारला आले, पूल ओलांडून पूर्वेला मनवेलपाड्यात. भाची विद्या तिथे तिसऱ्या मजल्यावर राहते. जिने चढून मला धाप लागली होती. पिशवीत हात घातला, हाताला पान लागलं, दिलं.

"आत्या, बैस ना दोन मिनिटं, चाय टाकते."

"चहा परतताना. बस जाईल."

चांदीपच्या बसमध्ये खिडकी मिळाली. हायवे ओलांडेपर्यंत इमारती. पुढे रस्ता डोंगराकडे वळतो आणि दोन्ही बाजूंनी कापलेल्या भाताची शेतं लागतात, मळणीच्या तुसाचा वास येतो. शेजारी एक बाई कोंबडा मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "आजी, येवढ्या कसल्या विचारात?"

मी म्हटलं, "एका नगराच्या."

खरंच त्याच विचारात होते. नुकतीच एक अद्भुत कादंबरी वाचून संपवली होती. तळ्याखाली नगर आहे, राणी तीनशे वर्षं तिथे राज्य करते. तीनशे वर्षांत कोणी जेवत नाही. महालात दोनशे दासी, पण चूल एकही नाही. मग त्या दासी दिवसभर करतात काय? लेखकाने सांगितलेलं नाही. एक गोष्ट मात्र आवडली. तळ्याच्या तळाशी दार आहे, आणि जो तळ्यातून घेतलेलं परत आणून देईल त्यालाच ते उघडतं. हे मला पटलं.

मग तिला खुनाच्या कादंबरीचंही सांगितलं. ती त्याहून बरी, तरी तिच्यातही खोट आहे. मिठागरावर मुकादमाचा खून होतो आणि खुनी मिठागरातूनच पळतो, पण पायाचा ठसा सापडत नाही. त्या लेखकाने मिठागर पाहिलेलं नाही. तिथल्या चिखलात बगळ्याचाही पाय उमटतो. शिवाय तपास करणारा पानागणिक चहा पितो. पण शेवटची बावीस पानं अशी आहेत की आमटी करपली तरी मी उठले नाही.

बाईने कोंबडा सावरला आणि विचारलं, "मारला कोनी मग?"

"ते सांगायचं नसतं."

"मग सांगितलंत कशाला?" असं म्हणून ती तिच्या थांब्यावर उतरली. तिचं बरोबर होतं.

कमळने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. "आधी जेव, पानी पी, मग पुस्तक." जेवण झालं आणि पुडकं उघडलं. पुढचं वर सांगितलंच आहे.

मी म्हटलं, "कमळे, मी वाचलंय. तोंडी सांगते."

"खबरदार! एक नाव काढलंस तर दारात उभी करनार नाही."

मी विद्याला फोन लावला. "पुडकं उघडलंस?"

"नाय गं. सीझनची पहिली सुकेळी ना, देवापुढे ठेवलीय. मुलं आली की प्रसाद म्हणून वाटणार."

"प्रसाद वाटू नकोस. त्यात खून आहे."

कमळ तोवर उठली होती. हॉस्पिटल विरारलाच, मुलगा तिला सकाळी नेणार होता. "आताच येते. भाचीकडे झोपू," म्हणाली आणि साडी पिशवीत कोंबली. बस नव्हती. गावातली एकच रिक्षा, तीही वाटेत दोनदा बंद पडली. रिक्षावाला खाली वाकला की कमळ सूर्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे.

पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. पुस्तक देवापुढे होतं, वर हळदकुंकू, तुळशीचं पान, पाण्याचे शिंतोडे. आत पुस्तकाची पानं कोरडी. कमळ गॅलरीत पश्चिमेला तोंड करून बसली, भिंग अक्षरावर, नाक भिंगावर. मी वाचून दाखवते म्हटलं तर हात झटकला. विद्याचा चहा निवला. समोरच्या इमारतीची सावली गॅलरीत शिरली तशी कमळ खुर्ची सरकवत गेली, शेवटी कठड्याला टेकली. दीड पान उरलं तेव्हा ऊन गेलं. विद्याने ट्यूब लावली, त्या उजेडात तिला पान नुसतं पांढरं दिसत होतं.

पुस्तक तिने माझ्या मांडीवर ठेवलं. "वाच. आनि मध्ये तुझं मत नको."

मी वाचलं. ऐकून ती म्हणाली, "मला पन्नासाव्या पानालाच कळलं होतं."

"मग एवढी धडपड कशाला केलीस?"

"माझं बरोबर होतं का ते बघायला."

खुनी कोण ते इथे लिहिणार नाही.

ऑपरेशन झालं त्या दुपारी मी आगाशीला परतले. वाडीतल्या बावखलावर (गोड्या पाण्याचं तळं) गेले की हल्ली नजर तळाकडे जाते. या वयात दार शोधते. चूल नसलेल्या नगरात मी एक दिवस राहणार नाही, पण ते कसं दिसतं ते एकदा बघायचं आहे. दर गुरुवारी चांदीपची बस धरते आणि कमळला दोन प्रकरणं वाचून दाखवते. मत तिचं ती देते, माझं ऐकून घेत नाही.

डोळा राहिला नाही. कमळ आहे.