गुऱ्हाळामागचा हलका ग्रह

शपथेवर सांगतो, यात एकही गोष्ट खोटी नाही. बरं, एक आहे. पण कॉलेजच्या फिजिक्स डिपार्टमेंटात माणूस एवढी वर्षं राहिला की पगार वाढो न वाढो, किस्से साठतातच! आमच्याकडचे बहुतेक कांबळे सरांचे. ते आमचे हेड.

* * *

दोन हजार साल नुकतंच उलटलेलं. परदेशात लोक दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधत होते. त्यातला एक तरी आपल्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून पकडायचाच, हे सरांनी डोक्यात घेतलं.

प्राचार्य वर आले. "दाखवा ग्रह."

"ग्रह दिसत नाही, सर. तो ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड जरासा घटतो."

"म्हणजे जे दिसतच नाही त्याच्यासाठी खोली अडवलीय!"

मार्चअखेर सर रिटायर होणार होते. तोवर ग्रह सापडला तर दुर्बीण राहणार, नाहीतर त्या खोलीत कॉम्प्युटर!

* * *

पालकसभेत सरांनी विषय काढला. "आम्ही बघतोय तो ग्रह गुरूपेक्षा मोठा, पण भलताच हलका. रंकाळा तलाव पुरला असता तर त्यात तरंगला असता!"

मागून एक पालक उठले. "आकार एवढा, नि आत काय न्हाय? आमच्या कारखान्याच्या चेअरमनला वळखता व्हय, सर?"

सभेत हशा पिकला. सर एकटे गंभीर. "त्यांचं वजन कुणी मोजलंय का?"

* * *

शहराचा उजेड नको म्हणून आम्ही दुर्बीण जीपमध्ये घालून गगनबावड्याला गेलतो. धुकं असं, की मला माझाच हात दिसेना!

चहावाला म्हणाला, "पावणं, आमचा सूर्य चार दिस आमाला गावंना, नि तुमी लोकांचं सूर्य हुडकाय लागलाय!"



* * *

जानेवारीत उजेड घटला! तोही भरपूर. ग्रहाचं वजन परदेशातल्यांनी काढलेलंच होतं. आकार आम्ही काढला. एवढा मोठा ग्रह नि वजन एवढंसं, म्हणजे थर्माकोलपेक्षा हलका! सरांनी डिपार्टमेंटभर पेढे वाटले.

पुढच्या वेळी प्राचार्यांना मुद्दाम बोलावलं. गणितानं ग्रह नऊला यायचा. साडेसातलाच उजेड घटला.

"आधीच आला की!" प्राचार्य खूश. "आपल्या स्टाफपेक्षा बरा!"

सरांचा चेहरा उतरला. ग्रह कधी लवकर येत नाही. ते कठड्यापाशी गेले, आणि त्यांना गुळाचा वास आला. कॉलेजमागच्या उसात आबा पाटलांचं गुऱ्हाळ. चिमणीचा धूर सरळ आमच्या ताऱ्यावर! जानेवारीतही तोच. पावसाळ्यात ढग आणि आभाळ मोकळं झालं की गुऱ्हाळ. कोल्हापुरात ग्रह बघायचा कधी?

* * *

मार्चमध्ये शेवटची संधी होती. सर आबांकडं गेले, मी सोबत.

"आबा, आज संध्याकाळी तेवढं चुलाण बंद ठेवाल?"

"मास्तर, रस काढून ठेवलाय. आंबून जाईल की! तुमचा ग्रह म्होरच्या फेरीला येणार न्हाई व्हय?"

"येईल. खोली नसेल."

आबांनी सरांकडं बघितलं, मग जाळ घालणाऱ्या गड्याला हाक मारली. "इजव रं."

तसं आभाळ मी त्या गच्चीवरून पुन्हा पाहिलं नाही. ढग नाही, धूर नाही. तारा लखलखीत. आम्ही वेळेआधी बसलो, वेळ टळल्यावरही बसलो. स्क्रीनवरची उजेडाची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ. खऱ्या ग्रहानं घटतो तेवढा उजेड आमच्या यंत्राला कळतच नव्हता.

जिन्यावर चपला वाजल्या. आबा दम खात वर आले. अंगाला आंबलेल्या रसाचा वास.

"आला का वो, मास्तर?"

सर त्या रेघेकडं बघत म्हणाले, "आला, आबा. येऊन गेला."

"मग झालं तर!" म्हणत आबा खाली उतरले, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले.

आता ती खोटी गोष्ट. 'आला' असं सर म्हणाले नाहीत. ते मी म्हणालो. सर काहीच बोलले नाहीत.